वासावरचं मीठ

पडदा सापडला तो दिवाणाच्या पेटीत, सगळ्यात तळाशी. पडदा म्हणजे काय, तर सासूबाईंचं जुनं हिरवं लुगडं, मधून फाडून दोन्ही टोकांना नाड्या शिवलेलं. गौरी आज संध्याकाळी यायच्या, उद्या त्यांचा तिखटाचा नैवेद्य, म्हणून मी तो काढून झटकला. तर माझी नात सानिका नाक मुरडत मागं सरली. "ई, आजी! कसला वास येतोय याला! कापूर, धूप, आणि... मासे का गं?"

मी पडदा नाकाला लावला. काही नाही. परत लावला, डोळे मिटून छाती भरून ओढला, तर नुसता वारा आत गेला. स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी उघडली, तीही मुकी. खरं म्हणजे गेलं वर्षभर मला हे कळत होतं, स्वतःशी मान्य करत नव्हते एवढंच. चहा नुसता गरम लागायचा. आमटी आंबट लागायची, खारट लागायची, पण आमटी लागायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, वय झालं की नाकही थकतं. मी म्हटलं, गुडघे थकले ते समजू शकते, नाकाला कुठं जिने चढायचे असतात?

आणि माझं कर्म बघा. त्या वेळी पहिली आठवण झाली ती शालनची. शालन माझी धाकटी जाऊ. दहिसरला असते, दरवर्षी गौरीला येते, उद्याही येणार. तिला हे कळता कामा नये, एवढंच मनात आलं. पडदा मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसून राहिले.

आता आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. खाली, याच जमिनीवर आमची बैठी चाळ होती, मुलुंडच्या पूर्वेला. मागचं दार उघडलं की थेट खाडीपर्यंत मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात मिठाच्या पांढऱ्या राशी, पावसाळ्यात त्यांच्यावर गवताची शाकारणी. आता त्या बाजूला इमारतीच इमारती आहेत आणि आमच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

तेव्हाचं मुलुंड मी डोळे मिटूनही ओळखलं असतं. पहाटे वारा खाडीकडून यायचा, त्याला चिखलाचा, शेवाळाचा वास. दुपारी वारा फिरायचा आणि आग्रा रोडवरचे कारखाने घरात शिरायचे: औषधांचा कडवट वास, रंगाचा डोक्यात जाणारा वास, आणि मधूनच कुठल्याशा भट्टीतून बिस्किटांचा असा गोड वास, की पोरं खेळता खेळता थांबायची. संध्याकाळी घरोघरी रॉकेलचे स्टोव्ह पेटायचे. त्यांच्या भुर्र आवाजाबरोबर तो रॉकेलचा वास, त्यावर लसणाची फोडणी, भाजलेले सुके बोंबील, आणि कुणाकडं तरी अगरबत्ती. हे कामावरून आले की यांच्या शर्टाला टर्पेंटाइनचा वास असायचा. धुतला तरी जायचा नाही. मला तो आवडायचा, हे मी यांना कधी सांगितलं नाही.

आम्ही मूळचे अलिबागच्या पलीकडचे. आमच्याकडं गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. गौर म्हणजे माहेरी आलेली लेक. तिला काय नुसत्या गोडावर बोळवायचं? तिला चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, कोलंबी, तांदळाच्या भाकऱ्या. पण शेजारीच गणपती बसलेला, त्याला हे चालत नाही. मग नैवेद्य दाखवताना दोघांच्या मध्ये पडदा धरायचा, एक टोक एका सुनेनं, दुसरं दुसरीनं. माझी पोरगी चार-पाच वर्षांची असताना भर पूजेत विचारती झाली, "आजी, बाप्पाची एवढी मोठी सोंड, त्याला पडद्याआडून वास येत नाही का?" सगळे हसले. सासूबाई नाही हसल्या. म्हणाल्या, "येत असेल. वासाला कोण अडवणार? आपण मान राखायचा, बस."

आणि नैवेद्य चाखायचा नाही. चाखला की उष्टा झाला, मग तो गौरीला चालत नाही. आता वरणाला, भाजीला हाताच्या सवयीनं मीठ पडतं. चिंबोरीचं तसं नसतं. तिच्या अंगात तिचं स्वतःचं मीठ असतं. खाडीतली वेगळी, समुद्रातली वेगळी. एक गच्च भरलेली निघते, दुसरी पोकळ. तिचे पाय वाटून, गाळून ते पाणी कालवणात घालायचं, आता त्या पाण्याबरोबर किती मीठ आत गेलं हे तिलाच ठाऊक. सासूबाई उंबऱ्याशी पाटावर बसून माझ्या हाताकडं बघत राहायच्या. माझ्या मानेवरून घाम ओघळायचा आणि मुठीतलं मीठ ओलं व्हायचं.

थोरली सून मी. गौरीची चूल माझी, तो माझा मान. पण लग्नानंतरच्या एकाही वर्षी मीठ जमलं म्हणून नाही. नैवेद्य झाला की प्रसादाचा पहिला घास सासूबाई घ्यायच्या आणि सगळं घर त्यांच्या तोंडाकडं बघायचं. "यंदा गौर वाटेत पाणी पाणी करणार." नाहीतर, "लेकीला पथ्याचं घातलंस वाटतं." त्या ओरडायच्या नाहीत, तेच वाईट होतं. मला त्यांच्याकडून फक्त एवढं ऐकायचं होतं की मीठ बरोब्बर आहे. बाकी दागिना नको, लुगडं नको. एवढे दोन शब्द हवे होते मला, आणि त्यासाठी मी वर्षभर झुरायचे.

मग शालन आली. ती समुद्राकाठच्या मढची. तिच्या वडिलांची माडांची वाडी होती, ते नीरा काढायचे. पहाटे मडकं खाली उतरलं की ते आधी शालनच्या नाकाखाली धरायचे. जराशी आंबायला लागली असली तरी ही मान हलवायची. तिचं नाक दिसायला काही चाफेकळी नव्हतं हो. चांगलं बसकं, शेंड्याला तीळ. आल्या दिवसापासून मला म्हणजे थोरल्या जावेला सरळ 'तू' म्हणायला लागली. "वहिनी, तू सर, मी भाकऱ्या थापते." मी सासूबाईंकडं पाहिलं, तर त्या हसत होत्या. तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

त्या वर्षी गौरीच्या सकाळीच मला कावळा शिवला. मी मागच्या दाराशी गोणपाटावर बाहेर बसले आणि चूल गेली शालनकडं. आमच्याकडं तेव्हा सिमेंटचा ओटा नवीनच घातला होता. बसल्या जागेवरून मला तिची पाठ दिसत होती, कालवण रटरटल्याचं ऐकू येत होतं. मीठ घालायची वेळ आली तशी ती टोपावर वाकली आणि तिनं डोळे मिटले. चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, परत वाकली. आणखी दोन बोटांत मावेल एवढं घातलं. मग टोपावर झाकण ठेवून हात धुतले. हो, इतकंच. नैवेद्य झाला, पडदा निघाला, सासूबाईंनी पहिला घास घेतला. मग दुसरा घेतला.

"मीठ बरोब्बर," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाहेरूनच म्हटलं, "आई, तिनं वास घेतला त्याचा. वास घेतला म्हणजे उष्टं नाही का झालं?" सासूबाईंनी बोटं चाटली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "वास आपण घेत नाही गं, तो येतो. आलेल्याला काय करायचं?" पुढच्या वर्षी मी चांगली धडधाकट होते, पण ओट्यापाशी शालनच उभी राहिली. कुणी कुणाला विचारलंही नाही.

जळायची मी. सरळ सांगते, जळायची. चाळीत कुणाचं दूध नासलंसं वाटलं की, शालनला बोलवा. लोणच्याला बुरा येतोय का, शालनला विचारा. रेशनचा तांदूळ जुना की ओला झालेला, शालन मूठभर घेऊन फुंकर मारायची आणि सांगायची. ती दारात उभी राहून म्हणायची, "आज वारा खाडीचा फिरणार, पापड आत घ्या," आणि बायका पळत सुटायच्या. मला कोण हिंग लावून विचारत नव्हतं. एकदा जेवताना यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आज शालननं केलंय वाटतं?" केलं होतं मीच! टर्पेंटाइनमध्ये नाक बुडवून आलेला हा माणूस, याला बायकोचा हात कळेना, पण जावेचा आठवला. त्या रात्री मी यांच्याशी बोलले नाही, आणि यांना ते कळलंही नाही.

पोरीला सर्दी झाली म्हणून तिला नाक्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. म्हातारे, बोलके गृहस्थ. मी सहज विचारावं तसं विचारलं, "डॉक्टर, मिठाला वास असतो का हो?" ते म्हणाले, "छे! मीठ फक्त जिभेला कळतं." मग त्यांना विषयच मिळाला. जिभेला म्हणे मोजक्याच चवी कळतात, खारट, गोड, आंबट, कडू. बाकी सगळी चव ही नाकाची करामत. घास चावला की त्याचा वास तोंडाच्या मागच्या बाजूनं वर चढतो, नाकाच्या अगदी आत, वरच्या टोकाला टपालाच्या तिकिटाएवढी जागा असते तिथं जाऊन लागतो, आणि आपण म्हणतो, वा, काय चव आहे! सर्दी झाली की ती वाट बंद, म्हणून जेवण बेचव. "आणि तिखट?" मी विचारलं. "तिखट ही चव नव्हेच. ती नुसती आग." मी म्हटलं, आमच्याकडं जेवायला या, मग बोलू.

पण मनातून मी हरखले होते. मिठाला वास नाही! म्हणजे शालन सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतेय. घरी आले ती तशीच मोरीपाशी गेले, ती भांडी घासत होती. "काय गं, मिठाला वासच नसतो म्हणे. मग तू वाकून वाकून काय हुंगतेस?"

तिनं राखेचा हात कपाळाला पुसला. "नसतोच वहिनी. मिठाला कुठला वास? पण मीठ पडलं की चिंबोरीचा वास मोकळा होतो. आधी तो आत दबून असतो. पुरेसं मीठ पडलं की वर येतो. जास्त झालं की मागं सरतो आणि नुसतं पाणी उरतं." आणि मेली लगेच उठली, मला शिकवायला! माझ्या हातावर बडीशेप ठेवली. म्हणाली, नाक दाबून चाव. मी चावली. भुसा. म्हणाली, आता सोड. सोडल्याबरोबर बडीशेप अशी तोंडभर पसरली, की मी दचकलेच. "बघ," ती म्हणाली, "होती तिथंच, तुझ्यापर्यंत येत नव्हती." असं घरातलं सगळं ती मला चिमूट चिमूट देत गेली, ओवा, जायफळ, आमसूल. लपवून ठेवलं असतं तर मी तिला सुखानं शिव्या दिल्या असत्या. देत होती, म्हणून जास्त झोंबायचं.

त्यानंतर मी रोज टोपावर वाकायची. मीठ घालण्याआधी एकदा, घातल्यावर एकदा. सासूबाई म्हणायच्या, पडशील आत. कांद्याचा कच्चा वास कधी जातो ते मला कळायला लागलं. खोबरं करपण्याच्या आधी थोडं गोड होतं, तेही कळलं. दूध उतू जाण्याआधी वेगळा वास मारतं, भात शिजत आला की ओल्या कपड्यासारखा वास येतो. सगळं कळायचं, फक्त मीठ तेवढं कळायचं नाही. आणि गौरी आल्या की मी पडद्याचं टोक धरून उभी, आणि "मीठ बरोब्बर" तिला. पडदा हातात घेताना आणि घडी करताना मी दरवर्षी नाकाला लावायची. त्यात माझ्या वाट्याची गौर असायची, तेवढीच.

मग ते वर्ष आलं. दुष्काळाचे दिवस होते, रेशनवर परदेशी ज्वारी, लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीला गोणपाटाचा वास यायचा. श्रावणात शालन तापानं फणफणली. बरेच दिवस अंथरुणात होती. उठली तेव्हा डोळे खोल गेलेले, पण चार दिवसांत कामाला लागली. गौरीच्या दिवशी पदर खोचून ओट्यापाशी उभी राहिली. एका स्टोव्हवर कालवण, दुसऱ्यावर नैवेद्याच्या खिरीचं दूध. मी मागं उभी राहून खोबरं किसत होते. दूध खाली लागलं. मला लगेच कळलं. शालनच्या हातभर अंतरावर दूध करपत होतं आणि ती कालवण ढवळत होती, अगदी निवांत. दूध चांगलंच धुरकटलं तरी तिनं मान वळवली नाही. मी पुढं होऊन स्टोव्ह बंद केला. तिनं माझ्याकडं पाहिलं, टोपाकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? हे नाक गेलं म्हणजे गौरीची चूल माझी, एवढं सरळ होतं. सासूबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या, "काय करपलं गं?" म्हणून विचारत होत्या. मी फक्त म्हणायचं होतं, आई, हिला वासच येत नाही. शालन मीठ घेऊन टोपावर वाकली. रोजच्यासारखे डोळे मिटले. आणि तिच्या मानेवर मला घाम दिसला. तो घाम माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. मुठीतलं मीठ ओलं झालं असणार, हेही मला माहीत होतं.

"दूध आहे आई, माझ्याकडून लागलं," मी म्हटलं आणि खोबरं द्यायच्या निमित्तानं तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले.

तिनं घाबरत थोडं मीठ घातलं. वाफ वर आली. आणि काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं टोपात डोकं घालून जे कधी आलं नाही, ते त्या दिवशी तिच्या खांद्यावरून माझ्याकडं आलं. आधी नुसता मसाला, खोबरं, आमसूल. त्यांच्या खाली काहीतरी अडून बसलेलं. मी शालनच्या टाचेवर माझ्या पायाचा अंगठा दाबला. अजून. ती एकदम ताठ झाली, मग समजली. चिमूट पडली. वास थोडा वर आला. मी अंगठा दाबून ठेवला. आणखी चिमूट. आणि मग चिंबोरी अशी मोकळी झाली, गोड, ओल्या खडकाची, पहाटेच्या खाडीची, की मला मढचा तिचा समुद्रसुद्धा त्यात आला असं वाटलं. मी पाय उचलला. शालननं झाकण ठेवलं.

पडद्याची टोकं आम्ही दोघींनी धरली. सासूबाईंनी घास घेतला आणि मान डोलावली. "मीठ बरोब्बर. धाकटीचं नाक म्हणजे नाक आहे."

माझं मीठ, माझ्या आयुष्यातलं पहिलं बरोब्बर मीठ, आणि शाबासकी तिच्या नावावर! अशी जळले, अशी जळले, की जेवण गेलं नाही. मागच्या दारी भांडी घेऊन गेले तर शालन तिथं दगडावर बसून रडत होती. "सगळं गेलं गं वहिनी. कशाचाच वास येत नाही. बाळाच्या टाळूचासुद्धा नाही." तिचं पोर तेव्हा तान्हं होतं. मी तिथं उभी राहिले, हातात खरकटी ताटं. म्हटलं, "ऊठ, सासूबाई बघतील." दुसऱ्या दिवशी तिला त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेले. ते म्हणाले, तापानं कधी कधी असं होतं. ते तिकीटच जळतं म्हणा ना. परत येईलही, सांगता येत नाही.

परत आलं का, असं मी काही दिवस तिला विचारायची. ती मान हलवायची. मग मी विचारायचं सोडलं. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. नासलेल्या दुधाला, बुरसलेल्या लोणच्याला मी तिच्या आधी पुढं व्हायची, काहीतरी निमित्त काढून. आणि दरवर्षी गौरीला ती ओट्यापाशी, मी तिच्या मागं. अंगठा दाबला की अजून, उचलला की पुरे. दरवर्षी "मीठ बरोब्बर," आणि दरवर्षी तिच्या नावानं. सासूबाई गेल्या त्या हेच मानून गेल्या. त्यांच्यानंतर चूल माझ्याकडं आली, पण मग तोंडाकडं बघावं असं कुणी उरलं नव्हतं. शालन दहिसरला राहायला गेली. गौरीला यायची, पडद्याचं टोक धरायची, जेवताना म्हणायची, "वहिनी, मीठ बरोब्बर." मीठ काय, जिभेला कळतं. पण चिंबोरी तिला कळत नाही, हे मला आठवायचं. वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडं बरंही वाटायचं. तिचं गेलं, माझं राहिलं. अख्ख्या आयुष्यात तिच्यावर माझी एवढी एकच मात होती.

आणि आता तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन आली. गुडघ्यांनी वाकलीय, केस पांढरे, पण पायांत जोडवी, आणि आवाज तोच. आल्या आल्या सानिकाला जवळ घेऊन तिचा गाल हुंगल्यासारखं केलं, जुनी खोड. आम्ही दोघींनी मिळून पडद्याच्या नाड्या बांधल्या. सूनबाई म्हणाली, "आई, चाखून बघा ना जरा, आता कोण बघतंय?" मी तिच्याकडं असं पाहिलं, की ती बाहेरच गेली.

कालवण रटरटायला लागलं. मी मीठ घेतलं आणि टोपावर वाकले. वाफ आली, तोंड ओलं झालं, झालं. पलीकडं काही नाही. सानिकाला विचारलं, "कसा वास येतोय गं?" "मस्त!" म्हणाली. आता मस्तचं मी काय करू? मानेवरून घाम ओघळला, मुठीतलं मीठ ओलं व्हायला लागलं, सगळं पूर्वीसारखं. उंबऱ्याशी कुणी बसलेलं नव्हतं तरी मला बसलेलं वाटत होतं. शालन माझ्या मागं कोलंबी निवडत होती. तिला हे कळू नये म्हणून मी रोजच्यासारखं करत थोडं मीठ टाकलं आणि ढवळलं.

माझ्या टाचेला काहीतरी गार लागलं. जोडवं. आणि मग अंगठा, नीट, जोर देऊन.

मी मान वळवली नाही. माझा हात टोपावर तसाच राहिला.

"तुला वास येतो?" मी विचारलं.

"येतो."

"कधीपासून?"

"त्याच वर्षी, दिवाळीत आला. चकलीच्या भाजणीचा आला आधी. मग बाळाच्या टाळूचा."

इतक्या सगळ्या गौरी. तो ओटा, सासूबाई, माझा पाय. "आणि माझं हे... कसं कळलं तुला?"

"पडदा बांधताना तू तो नाकाला लावला नाहीस."

"मग इतकी वर्षं मी तुझी टाच दाबत होते ती कशाला गं?"

"तू एकदाही चुकली नाहीस वहिनी," शालन म्हणाली. "मी आधी मनात ठरवायची, आता पुरे. आणि नेमका तेव्हाच तुझा पाय उठायचा. एकदाही चुकली नाहीस."

"मेले, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पाय काढून घेतला असतास."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. या वयात हिचं नाक शाबूत! माझी एकुलती एक मात, तीही हिनंच मला दिलेली, आणि मी ती एवढी वर्षं उराशी धरून बसलेली. बरोब्बर हा शब्द मला हवा होता सासूबाईंच्या तोंडून, आणि तो दिला कुणी, तर हिनं. असं ओरडावंसं वाटलं तिच्यावर, पण टोप रटरटत होता. मी चिमूट घातली. अंगठा दाबलेलाच. आणखी घातली. अंगठा तसाच, आणि माझ्या खांद्यावर आता तिचं कपाळही टेकलेलं, आणि ती रडतेय का हसतेय ते मला कळेना.

"अगं पाय उचल ना आता," मी म्हटलं. "खारट होईल गौरीचं."